‘रडू नकोस’ असे सांगणारा कोण?

स्टीफन क्रेन या अमेरिकन लेखकाच्या ‘वॉर इज काइंड’ या कवितेत निवेदक तीन शोकाकुल माणसांशी बोलतो आणि तिघांनाही एकच गोष्ट सांगतो : रडू नकोस, युद्ध दयाळू आहे. पहिली एक तरुणी आहे. तिच्या प्रियकराने मरताना आकाशाकडे हात झोकून दिले आणि त्याचा बिथरलेला घोडा एकटाच पुढे धावत सुटला. दुसरे एक लहान मूल आहे. त्याचा बाप पिवळ्या मातीच्या खंदकात कोसळला आणि तडफडून मेला. शेवटी आई येते. मुलाच्या झळझळीत, वैभवशाली कफनावर तिचे काळीज एखाद्या साध्या गुंडीसारखे लटकत होते, एवढेच कवी तिच्याविषयी सांगतो.

या तीन कडव्यांच्या मध्ये दोन कडवी पलटणीची आहेत. त्यांत नगारे आहेत, निशाण आहे, कवायत करून मरण्यासाठीच जन्मलेली माणसे आहेत आणि हजार प्रेते पडलेले मैदान हेच ज्याचे राज्य आहे असा रणदेव आहे. समीक्षक या कडव्यांच्या ठेक्याचे कौतुक करतात. मला मात्र ती थोडी मोठ्या आवाजातली वाटतात, कारण त्यांत उपरोध अंगावर येतो आणि वाचकाला शोधायला काही उरत नाही. कवितेची खरी ताकद त्या गुंडीत आहे.

हा उपरोध नेमका कोणावर आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रडणाऱ्यांवर तो नाही, हे उघड आहे. तो युद्धावर आहे असे म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पण कविता बारकाईने वाचली तर तो त्या सांत्वन करणाऱ्या तोंडावर आहे, हे ध्यानात येते. ‘रडू नकोस’ म्हणणाऱ्याला कोणी बोलावलेले नाही, त्याचे स्वतःचे काहीही गेलेले नाही, आणि तरीही मृत्यूचा अर्थ लावून देण्याचा अधिकार त्याने आपल्याकडे घेतला आहे.

ग्वाल्हेरात राहणाऱ्याला हा माणूस अनोळखी नाही. भिंड आणि मुरैना हे शेजारचे जिल्हे फौजेत माणसे पाठवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. १९९९ मध्ये कारगिलची लढाई चालू असताना तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या या भागातील गावांत आल्या होत्या. अशा घरी समाचाराला जाणारी माणसे ‘धन्य ती माता’ म्हणतात, ‘असे मरण नशिबात लागते’ म्हणतात, आणि हे अत्यंत मनापासून म्हणतात. मी स्वतःही अशा बैठकीत मान डोलावली आहे, आणि पुन्हा तशी वेळ आली तर बहुधा डोलावीनच, कारण तिथे दुसरे काय बोलावे हे कोणी शिकवलेले नसते. क्रेनची कविता वाचताना अडचण होते ती इथेच : त्याच्या निवेदकाचे वाक्य आपल्या तोंडून निघालेले असते.

आम्हां मराठी माणसांकडे युद्धातील मृत्यू सांगण्याचा याच्या अगदी उलट असा एक नमुना आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, आणि तिची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारांच्या जासुदाजवळच्या पत्रातून. त्या वेळी ते नर्मदा उतरत होते असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहिले आहे. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा, म्हणजे चिल्लर, किती गेला याची गणती नाही, असा त्या पत्राचा आशय. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. एक पेशव्यांचा मुलगा, दुसरा चुलतभाऊ. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार, आणि खुर्दा म्हणजे साधे शिपाई. या पत्रात सांत्वन नाही, गौरव नाही, रडू नका असेही कोणी म्हणत नाही. ही व्यापाऱ्यांची सावध सांकेतिक भाषा आहे, तिच्यात उपरोध करण्याचा हेतू नाही. आणि तरीही मला ती क्रेनच्या कवितेइतकीच बोचते, विशेषतः तिचा शेवटचा भाग. मोत्ये मोजली, मोहरा मोजल्या, खुर्दा मोजला नाही. आमच्या गावात शिंद्यांचा इतिहास सांगताना त्या लढाईनंतर मारले गेलेले जनकोजी आणि पायाला जन्माची जखम घेऊन परतलेले महादजी यांची नावे घेतली जातात, आणि ती घ्यावीतच. पण ग्वाल्हेरातल्या लष्कर या भागातील जुन्या वाड्यांतून आपले घराणे पानिपतापर्यंत नेऊन भिडवणाऱ्यांत खुर्द्याचे वंशज कोणी भेटत नाही, सगळे मोहरांचेच!

क्रेनने केले ते नेमके हेच उलटवणे आहे. त्याच्या कवितेत एकाही मृताला नाव नाही, हुद्दा नाही. आहे तो सगळा खुर्दा, आणि त्यातील एकेका नाण्यामागे रडणारे एक माणूस त्याने उभे केले आहे. ‘वॉर इज काइंड’ हे नाव असलेला त्याचा संग्रह १८९९ मध्ये निघाला. त्याआधी १८९७ चे ग्रीस-तुर्कस्तान युद्ध आणि १८९८ ची क्यूबातील लढाई त्याने बातमीदार म्हणून पाहिली होती. १९०० मध्ये तो अठ्ठाविसाव्या वर्षी क्षयाने वारला.

ही कविता एखाद्या जवानाच्या आईला वाचून दाखवावी का, असे एका मित्राने मला विचारले. मी नाही म्हटले. कविता आईला उद्देशून असली तरी ती आईसाठी लिहिलेली नाही. सदाशिवरावांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पानिपतानंतर पतीचा मृत्यू मान्य केला नाही आणि अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत, असे सांगतात. त्यांना आपल्या दुःखासाठी कोणाच्या उपरोधाची गरज नव्हती, जशी ती कारगिलच्या आईलाही नाही. ती गरज समाचाराला निघालेल्या आम्हां लोकांना आहे, आणि म्हणून ही कविता वाचायचीच असेल तर तिच्या घरी नव्हे, तिच्या घरी जायला निघण्यापूर्वी वाचावी, असे मी त्या मित्राला सांगितले.