कोवळे रुपे : नोंद तिसरी

माझ्या टेबलटॉप, म्हणजे टेबलाभोवती बसून भूमिका घेत खेळायच्या, खेळाच्या जगातील जादुई धातूचे पाच गुणधर्म मी मागील नोंदीत लिहिले होते. त्यांपैकी तीन मी आता खोडले आहेत आणि उरलेले दोन मुळापासून नव्याने लिहिले आहेत. ज्या खऱ्या धातूवर मी हा धातू बेतला, तो बिस्मथ मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वितळवला आणि वहीत कल्पिलेल्या शक्तींपेक्षा पातेल्यात दिसलेला प्रकार कितीतरी विलक्षण निघाला.

नाव मात्र तेच ठेवले आहे. धातू जमिनीच्या पोटात फळांसारखे हळूहळू पिकतात, अशी जुन्या काळच्या जर्मन खाणकामगारांची समजूत होती. बिस्मथ म्हणजे त्यांच्या मते अजून पुरती न पिकलेली चांदी, त्यामुळे तो सापडला की आपण जरा लवकर खणले, असे त्यांना वाटे. माझ्या जगातील खाणकामगारही हेच मानतात आणि म्हणूनच या धातूला ‘कोवळे रुपे’ म्हणतात.

प्रयोगासाठी एक किलो बिस्मथ, स्वयंपाकातून कायमचे बाद केलेले स्टीलचे पातेले आणि गॅलरीत मांडलेली विजेची शेगडी एवढेच साहित्य होते. बिस्मथ सुमारे 271 अंश सेल्सिअसला वितळतो. वर आलेली करडी मळी चमच्याने काढून शेगडी बंद केली, की कडेने साय धरू लागते. ती मध्यापर्यंत पोहोचण्याआधी उरलेला द्रव दुसऱ्या भांड्यात ओतून द्यायचा असतो. पहिल्या वेळी मी फार थांबलो आणि हाती नुसता गोळा आला. दुसऱ्या वेळी द्रव ओतल्यावर पातेल्याच्या तळाशी चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचे आणि मध्ये पोकळ असे स्फटिक उभे होते. पायऱ्यांची बारव काठावरून वाकून पाहावी, तसे ते दिसत होते. स्फटिकाच्या कडा त्याच्या सपाट पृष्ठांपेक्षा वेगाने वाढतात, म्हणून हा आकार येतो. हवा लागताच त्यांच्यावर सोनेरी, गुलाबी, निळ्या आणि हिरव्या छटा डोळ्यांदेखत चढल्या. हे रंग कुठल्याही रंगद्रव्याचे नसून धातूवर धरलेल्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातील प्रकाशाच्या व्यतिकरणाचे, म्हणजे परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याचे, असतात आणि थराची जाडी बदलली, की रंग बदलतो.

यावरून पहिला नवा नियम सुचला. कोवळ्या रुप्याने परतवलेल्या प्रत्येक मंत्रागणिक त्यावरचा थर किंचित जाड होतो, त्यामुळे जाणत्या माणसाला चिलखताच्या रंगावरून त्याने आजवर किती मंत्र झेलले, हे सांगता येते. थर खरवडला, तर रंगाबरोबर ती सारी नोंदही जाते.

मंत्र परतवण्याच्या मूळ शक्तीवर मात्र मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. बिस्मथ चुंबकापासून दूर सरतो, हे डच शास्त्रज्ञ ब्रुगमान्स यांनी 1778 मध्ये नोंदवले होते आणि इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडे यांनी 1845 मध्ये या गुणाचा पद्धतशीर अभ्यास केला. आज आपण त्याला प्रतिचुंबकत्व म्हणतो. मागील नोंदीत मी यावरून कोवळ्या रुप्याची ढाल कोणताही मंत्र अडवते, असे ठरवून मोकळा झालो होतो. नंतर एक स्फटिक दोऱ्याला टांगून त्याच्याजवळ निओडिमियमचे चुंबक नेले. स्फटिक झटक्याने उडाला नाही. तो अगदी सावकाश, जेमतेम जाणवेल इतका बाजूला सरला आणि चुंबकाचा दुसरा ध्रुव पुढे केला, तरी दूरच सरला.

तेव्हापासून माझ्या जगात कोवळे रुपे मंत्र अडवत नाही, तर त्याची दिशा किंचित वळवते. वळलेला मंत्र कुठेतरी लागणारच असल्यामुळे चिलखत घालणाऱ्याच्या शेजारी कोण उभे आहे, हा प्रश्न आता प्रत्येक लढाईत विचारावा लागेल. शिवाय ध्रुव कोणताही असला, तरी धातू दूर सरतो, त्याप्रमाणे वैद्याचा जखम भरणारा मंत्रही शत्रूच्या मंत्राइतकाच वळतो. शक्ती आणि तिची किंमत एकाच गुणातून आली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. किंमत बाहेरून चिकटवलेली असली, की खेळाडू तिला पळवाट शोधतात.

तलवार मात्र मी जड मनाने काढून टाकली. बिस्मथ ठिसूळ असतो, हातोड्याखाली त्याचे तुकडे होतात, त्यामुळे त्याचे पाते घडवता येणार नाही. तो ओतावाच लागतो. म्हणून माझ्या जगात या धातूचा मान लोहाराकडे न जाता ओताऱ्याकडे गेला आहे आणि ओतारवाड्याचा नकाशा मी पुन्हा काढायला घेतला आहे. कांशात मिसळण्याची वाट अर्थात खुली आहे. पेरू देशातील माचू पिचू या प्राचीन ठिकाणी सापडलेल्या एका इंका सुरीची लामाच्या डोक्याची मूठ सुमारे 18 टक्के बिस्मथ असलेल्या कांशाची आहे.

तिसरा नियम अपघाताने मिळाला. उरलेला द्रव मी अरुंद तोंडाच्या चिनी मातीच्या कपात ओतून ठेवला होता. तासाभराने पाहतो, तर कपाला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. गोठताना बिस्मथ पाण्यासारखा प्रसरण पावतो, सुमारे 3.3 टक्के. माझ्या जगातील चोर आता दगडी कुलपात कोवळे रुपे ओतून शांतपणे वाट पाहतात. उलट, साध्या चुलीच्या निखाऱ्यांवरही ते वितळत असल्यामुळे जळत्या घरात शिरणाऱ्याला आपले चिलखत बाहेर काढून ठेवावे लागते.

एक गोष्ट खेळाडूंना कळू द्यायची की नाही, हे अजून ठरलेले नाही. बिस्मथ पूर्णपणे स्थिर मानला जात असे. 2003 मध्ये फ्रान्समधील ओर्से येथील संशोधकांनी तो किरणोत्सर्गी असल्याचे दाखवले. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, 2 वर 19 शून्ये इतक्या वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे विश्वाच्या 1380 कोटी वर्षांच्या वयाहून शंभर कोटी पटींपेक्षाही अधिक. माझ्या जगातील पुजारी कोवळ्या रुप्याला अमर म्हणतात. ते मरते आहे, हे एकट्या म्हाताऱ्या ओताऱ्याला ठाऊक आहे.

शनिवारच्या खेळात सगळे खाणीच्या तोंडाशी पोहोचतील. त्यांच्या हातात देण्यासाठी अंगठ्याएवढा एक स्फटिक मी कापसात गुंडाळून ठेवला आहे. त्याची एक कड तुटलेली असून तिथे रंग नाहीत, फक्त किंचित गुलाबी झाक असलेली चांदीसारखी चमक आहे. ओतारी पहिल्यांदा बोट ठेवेल, ते त्याच कडेवर.