मस्कटीनमध्ये घर: पाणी नदीचं नव्हतंच

काल रात्री अडीच इंच पाऊस झाला आणि आमचं बेसमेंट कोरडं राहिलं. (एक बादली सोडून. ती आमचीच चूक, शेवटी सांगतो.) सकाळी सहाला टॉर्च घेऊन खाली गेलो, गुडघे टेकून फरशीतल्या जाळीभोवती बोटं फिरवली. कोरडीठाक! झोप झालेली नाही आणि आनंद मावत नाहीये, त्यामुळे पुढचा सल्ला जरा चढ्या आवाजात वाटला तर सांभाळून घ्या.

मस्कटीन हे आयोवातलं मिसिसिपीकाठचं गाव, वस्ती चोवीस हजारांच्या आत. शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आय-८८ हायवे धरायचा, डेव्हनपोर्टहून यूएस ६१. टोल आणि कॉफी धरून तीन तास. घर शोधायला आम्ही चार शनिवार-रविवार या रस्त्याने आलो-गेलो. रस्ता सोपा आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नदीवरचे सूर्यास्त, हिवाळ्यात १६ नंबरच्या धरणाखाली मासे टिपणारे गरुड, सगळं छान आहे. शी जिनपिंग १९८५ साली इथे येऊन राहून गेले आणि २०१२ साली परत भेटायला आले, हे गावात तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी सांगेलच. घर घेताना यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

आम्हाला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "पूर येतो का?" पुण्याहून आई, ऑफिसातले लोक, कर्ज देणारी बाई, सगळ्यांना नदीचीच काळजी. मीही त्याच नादाला लागलो. फेमा या सरकारी आपत्ती-खात्याचे पूरनकाशे पालथे घातले. इथली पूरपातळी १६ फूट, १९९३ च्या जुलैत नदी साडेपंचवीसच्या वर गेली होती, हे पाठ झालं. मग वेस्ट हिलवर, नदीपासून चांगलं उंचावर, १९०४ सालचं विटांचं घर सापडलं. झोन एक्स, म्हणजे बँकेकडून पूरविम्याची सक्ती नाही. मागत होते १,६२,०००, सौदा ठरला १,५४,००० डॉलरला. एजंटबाई हसून म्हणाल्या, "इथवर पाणी आलं तर नोहाची नाव शोधावी लागेल." मला ते वाक्य फार आवडलं होतं तेव्हा.

आता बेसमेंटमध्ये मला काय काय दिसलं होतं ते सांगतो. वॉशिंग मशीन चार विटांवर उभं होतं. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना वाकायला नको म्हणून असेल. भिंतीवरच्या फळ्या गुडघ्याच्या वरून सुरू होत होत्या. घर गरम करणाऱ्या भट्टीचे पाय गंजलेले, पण वितभर उंचीपर्यंतच आणि एका सरळ रेषेत. आणि जिन्याजवळ एका खिळ्यावर तीन फुटी लोखंडी पाइप टांगलेला, एका टोकाला आटे पाडलेले. चारही गोष्टी मी डोळ्यांनी बघितल्या आणि चारांचा अर्थ लावला नाही. ताबा मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात तो पाइप मी भंगारात टाकला.

पहिल्याच जूनमध्ये, रात्री दोनच्या सुमाराला, धो-धो पाऊस. नदी तिच्या जागी शांत होती. पाणी आमच्या फरशीतल्या जाळीतून वर आलं, काळपट, वास येणारं. तासाभरात पाच इंच. पुण्याहून आणलेली दोन खोकी पुस्तकं गेली.

कारण कुणालाही विचारा, गावात सगळ्यांना माहीत आहे. टेकडीवरच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच पाइपातून जायचं. ते वेगळं करायचं काम टप्प्याटप्प्याने कित्येक वर्षं चालू आहे. आमच्या रस्त्यावर ते पोचलेलं नाही. मोठा पाऊस झाला की पाइप तुडुंब होतो आणि पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं. ते तोंड म्हणजे तुमची बेसमेंटमधली जाळी. टेकडीवर असण्याचा इथे शून्य उपयोग.

सकाळी शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. खाली डोकावून बघितलं आणि पहिलाच प्रश्न: "पाइप कुठाय?" मी गप्प. तो पाइप जाळी काढून तिथे आट्यांवर फिरवून बसवायचा असतो. मग पाणी फरशीवर पसरण्याऐवजी पाइपातच उभं चढतं. आधीच्या मालकीणबाई चाळीस वर्षं, ढग भरून आले की खाली जाऊन तो बसवायच्या म्हणे. मी तो भंगारवाल्याला फुकट दिला.

विकणाऱ्यांनी हे सांगितलं कसं नाही, असं तुम्ही म्हणाल. आयोवात घरातले दोष लिहून द्यायचा फॉर्म असतो. पण मालक वारले असतील आणि इस्टेटीचा कारभारी घर विकत असेल तर तो भरायचं बंधन नाही. आमचं घर तसंच होतं. तुमचं तसं असेल तर इन्स्पेक्टरवर विसंबू नका. त्याने कोरड्या ऑक्टोबरात कोरडी फरशी बघितली आणि ४२५ डॉलर घेतले. सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घालून तपासणी वेगळी करून घ्या, जास्तीचे दोनशे-अडीचशे द्या. आणि शेजाऱ्यांचं दार वाजवा. मला लाज वाटली म्हणून मी वाजवलं नाही. त्या लाजेची किंमत पुढे देतो.

तर किंमत. घाबरलेल्या माणसाने पहिला फोन बेसमेंट वॉटरप्रूफिंगवाल्याला केला. गृहस्थ टॅबलेट घेऊन आला, दोन तास बसला, भिंतीला यंत्र टेकवून लाल दिवे दाखवले. चारी बाजूंनी फरशी फोडून आतून नाली, पाणी उपसणारे दोन संप पंप, भिंतींना प्लास्टिकचा पडदा: १७,८०० डॉलर. आजच सही केलीत तर १४,९००. बायको म्हणाली, "उद्या सही केली तर पाऊस वाढणार आहे का?" तो उठला. त्या माणसाने दोन तासांत जाळीकडे एकदाही बघितलं नव्हतं! भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा इलाज तो जाळीतून येणाऱ्या पाण्याला विकत होता. जो 'आजच सही' म्हणतो त्याला चहा पाजून परत पाठवा, यावर माझं मत बदलणार नाही.

खरा इलाज एका प्लंबरने केला. फरशीचा चौकोन फोडून बाहेर जाणाऱ्या पाइपवर बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवला. बाहेरून पाणी ढकलू लागलं की झडप बंद होते. परवान्यासकट २,४५० डॉलर. शिवाय छपराच्या पन्हळींचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडत होतं, ते दहा-दहा फूट लांब नेलं. त्याचे नळ मीच बसवले, १३० डॉलर. भिंतीची जी थोडी ओल होती ती तेवढ्यानेच गेली.

विम्याचं नीट वाचा, कारण इथे तिघे तीन दिशांना बोट दाखवतात. घराच्या साध्या विम्यात पूर नसतो. सरकारी पूरविमा वेगळा, इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आणि तो साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे नदी चढताना बघून घ्यायचा नाही. जाळीतून उलट आलेलं पाणी सहसा या दोन्हींत बसत नाही. त्यासाठी घराच्या विम्यालाच जोडपत्र लागतं. मला वर्षाला ७८ डॉलर पडतात. आधी घेतलं असतं तर पुस्तकांचे तरी पैसे आले असते.

बाकीचं भराभर.

एच-वन-बी व्हिसावाल्यांना २५ मे २०२५ पासून एफएचए (सरकारी हमीचं) कर्ज बंद आहे, साध्या कर्जाचीच तयारी ठेवा. घरं दाखवण्याआधी एजंट तुमच्याकडून लेखी करार घेतो, ऑगस्ट २०२४ पासून तशी सर्वत्र रीत झाली आहे. त्यातला कमिशनचा आकडा आणि मुदत वाचल्याशिवाय सही नको.

आयोवात टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीहक्काचा विमा, विकायला १९४७ पासून बंदी आहे. त्याऐवजी 'ॲबस्ट्रॅक्ट' नावाचं भेंडोळं असतं: जमीन सरकारकडून पहिल्यांदा कुणी घेतली तिथपासूनचा प्रत्येक व्यवहार, गहाणखत, वारसा. वकील ते वाचून मत देतो. म्हणजे आपला सर्च रिपोर्टच, फेरफारांसकट. शिकागोकडच्यांना हे समजावता समजावता दमाल, पुणेकराला एका वाक्यात कळतं. ताबा घेतल्यावर ते भेंडोळं सांभाळून ठेवा, नवीन करायला बराच खर्च येतो.

घरपट्टी इथे मागच्या काळाची पुढे भरतात, सप्टेंबर आणि मार्चमध्ये. विकणाऱ्याच्या वाट्याची रक्कम क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होताना, वजा करून मिळते. ते पैसे खर्च करून बसू नका, बिल तुमच्याच नावाने येणार आहे. होमस्टेड क्रेडिटचा (स्वतः राहत्या घराच्या घरपट्टीतल्या सवलतीचा) अर्ज १ जुलैच्या आत.

रेडॉन तपासाच, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू. आख्खं आयोवा त्याच्या सर्वांत वरच्या पट्ट्यात आहे. मर्यादा लिटरमागे ४ पिकोक्युरी, आमच्याकडे ९.२ निघाला. पंखा आणि पाइप बसवायचे १,४०० डॉलर विकणाऱ्यांकडून वळते करून घेतले. सगळ्या सौद्यात आम्ही जिंकलेली ही एकमेव लढाई.

आणि गावात एक रात्र राहून बघा, तीही आठवड्याच्या मधल्या वारी. मालगाड्या नदीकाठाने जातात, आणि फाटक आलं की १५ ते २० सेकंद भोंगा वाजवायचा हा नियम आहे. रविवारी दुपारी आइस्क्रीम खाताना तो भोंगा गोड वाटतो. पहाटे साडेतीनला नाही.

मागच्या अंगणात पन्हळीचा नळ पुरताना मला एक शिंपला सापडला. तळहाताएवढा, आणि त्यात पाच गोल भोकं, जणू कुणी चकलीच्या साच्याने काढलीत. हे गाव एके काळी शिंपल्यांची बटणं बनवायचं. १९०५ साली इथे दीड अब्ज बटणं झाली म्हणतात. उरलेली टरफलं लोकांनी भराव म्हणून टाकली. ती अजून निघतात. आमचा शिंपला खिडकीत ठेवलाय, बायको त्यात उदबत्ती लावते.

आता ती बादली. झडप बंद असते तेव्हा बाहेरचं पाणी आत येत नाही, तसंच आतलंही बाहेर जात नाही. हे प्लंबरने सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. काल रात्री पाऊस ऐन भरात असताना शिकागोहून आलेला मेहुणा वर शॉवर घेत उभा राहिला, चांगला वीस मिनिटं. ते सगळं साबणाचं पाणी खाली जाळीतून बाहेर आलं.

सकाळी बायकोने दोन्ही बाथरूमच्या दारांवर मराठीत कागद चिकटवले: "पाऊस जोरात असेल तर आंघोळ बंद. फ्लशही विचारून." आणि मी हार्डवेअरच्या दुकानातून तीन फुटी पाइप आणला. खिळा अजून तिथेच होता.