तुम्ही विचारलंत म्हणून : कागदावर आधीच काढलेलं असतं का?

शाळांतल्या मुलांपुढं वादक वाजवत असतात तेव्हा मी शेजारी बसून चित्र काढते आणि ते कॅमेऱ्यातून पडद्यावर दिसतं. असा कार्यक्रम संपला की वाद्यं खोक्यांत जायच्या आत कुणीतरी स्टेजवर येतंच. कधी एखादे पालक, कधी शाळेतलेच सर. टेबलावरच्या कागदाला नाक लावून बघतात आणि विचारतात, "मॅडम, पेन्सिलीनं आधीच काढून ठिवलेलं असतंय की ओ? नायतर वाजवणं संपायला अन् चित्र संपायला गाठ कशी पडतीय?"

खरं सांगते, असतं. फिकट निळ्या पेन्सिलीच्या चार-पाच खुणा असतात. क्षितिज कुठं, झाडाचा बुंधा कुठं, भिंत कुठपर्यंत. कॅमेऱ्यात त्या दिसत नाहीत. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, रांगोळी काढणारी बाईसुद्धा आधी ठिपके घालते. पण गाठ पडते ती त्या खुणांमुळे नाही. आणि वाजवणं संपताना चित्र संपवणं हे या कामातलं त्यातल्या त्यात सोपं काम. शेवटी दोन पानं कमी काढली तरी झाड झाडच राहतं. अवघड असतं ते चित्राला संगीताच्या मागं ठेवणं.

पण आधी आम्ही करतो काय ते सांगते, कारण सोलापुरात 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की गणपतीचा मांडव, चकचकीत कोटातला गायक आणि दोन गाण्यांमधली मिमिक्री डोळ्यांपुढे येते. युरोपात सिंफनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यांचे मोठे ताफे, लहान मुलांसाठी मैफली करतात आणि त्यांतल्या काहींत वादक वाजवत असताना चित्रकार मुलांसमोर चित्र काढतो. इंग्लंडचे जेम्स मेह्यू, फ्रान्सचे ग्रेग्वार पाँ हे काम करत आले आहेत. मी त्यांचे व्हिडिओ बघितले आणि मला वाटलं, हे आपल्याकडे का नको?

'का नको'ला उत्तर सरळ होतं, ऑर्केस्ट्रा नव्हता. मग जमले ते असे : दोन व्हायोलिन, एक बासरी, लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले, दोन ट्रंपेटवाले, युफोनियम हे जाड आवाजाचं पितळी वाद्य वाजवणारे काका, एक पेटी, एक मोठा ढोल. आणि सनई. सनईची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

आम्ही निवडलं ते रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह यांचं 'पीटर अँड द वुल्फ', म्हणजे पीटर नावाचा मुलगा आणि लांडगा यांची गोष्ट. १९३६ साली मॉस्कोतल्या मुलांच्या नाट्यगृहासाठी त्यांनी ते रचलं. निवेदक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक पात्राचं वाद्य ठरलेलं असतं. पक्ष्याची बासरी, मांजराचं क्लॅरिनेट, आजोबांचा बासून (खर्जातलं फुंकवाद्य), लांडग्याचे तीन हॉर्न (पितळी वाद्यं), पीटरसाठी व्हायोलिन आणि त्याची भावंडं. बदकाला ओबो, हेही फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य. आता सोलापुरात ओबो कुठून आणायचा? पण ओबोच्या तोंडाशी दुहेरी पत्ती असते, तशीच सनईच्याही असते. लांबच्या का होईना, बहिणी. म्हणून बदक सनईवर आलं. पहिल्या कार्यक्रमात ते डुलत डुलत तळ्याकडं निघालं आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी हवेत अक्षता टाकायला सुरुवात केली. सनईवाल्यांनी वाजवता वाजवताच मान खाली घातली. आजोबा पेटीच्या खर्जात गेले, लांडगा ट्रंपेट-युफोनियममध्ये. जाणकारांनी नाकं मुरडली असती, पण जाणकारांना आम्ही बोलावलंच नव्हतं.

माझी जागा वादकांच्या डावीकडं. एक टेबल, त्यावर स्टँडला उलटा टांगलेला कॅमेरा, तिथून वायर प्रोजेक्टरला. कागद चिमट्यांनी पक्का करावा लागतो, कारण पंख्याशिवाय वादक बसत नाहीत आणि पंख्याखाली कागद बसत नाही. मार्च सरला की शाई कागदावर उतरायच्या आधी ब्रशवरच वाळायला लागते. एक खोड ध्यानात यायला मला वेळ लागला. कॅमेऱ्यातून पडद्यावर पोचायला चित्राला किंचित उशीर होतो. ढोलाच्या ठोक्यावर मी ठिपका टेकवला की पडद्यावर तो ठोका निसटल्यावर उमटतो. त्याकडं बघत बसलं की हात अडखळतो. तेव्हापासून मी पडद्याकडं पाठ करून बसते आणि फक्त कानांवर चालते.

आता त्या 'मागं ठेवण्या'बद्दल. हे मी शहाणपणानं शोधलेलं नाही, चुकून शिकले. पहिल्या कार्यक्रमात हात भराभर चालतोय याचीच मला धुंदी होती. निवेदक म्हणाले, "...आणि जंगलातून बाहेर आला..." आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी कान, नाक, शेपूट, सगळा लांडगा काढून मोकळी झाले. सभागृह उसळलं. "लांडगा!", "तोडेलू!", "तोळ!", "भेडिया!" चार भाषांत आरोळ्या. सोलापूरच्या शाळेतली मुलं आहेत, एका बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असतेच. मी खूश. गोंगाट ओसरेपर्यंत लांडग्याचं सगळं वाजवणं होऊन गेलं होतं. नंतर युफोनियमवाले काका चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, तुमचा लांडगा समद्यांनी बघितला. आमचा कुणी ऐकलाच न्हाई."

मला ते लागलं. कारण खरंच होतं. डोळ्यांना उत्तर मिळालं की कान सुट्टीवर जातात. मोठ्यांचं तसं होतं, मुलांचं तर होणारच.

घरी आल्यावर मला आमच्या पूर्व भागातल्या शेजारच्या आजी आठवल्या. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या. घरात माग, बोलणं तेलुगूत, आमच्याशी मोडक्या मराठीत. त्यांच्या लहानपणी तेलंगणात कथेकरी यायचे, रंगवलेला लांबच लांब कापडी पट घेऊन. तिथल्या चेरियाल गावचे चित्रकार असे पट रंगवत आणि पद्मशालींसाठी त्यांवरून मार्कंडेय पुराण सांगितलं जाई. आजी हाताने दाखवायच्या, पट एका अंगानं उलगडायचा, दुसऱ्या अंगानं गुंडाळायचा. "फुडचं दिसत नसे," म्हणायच्या, "बघावं म्हणून वाकलं की तो थांबे." मागाच्या खडखडाटात ओरडून सांगितलेली ही गोष्ट मी तीस वर्षं विसरून गेले होते.

माझ्या कागदाला गुंडाळी नाही. म्हणून मी लांडगा असा काढते की तो लांडगा आहे हे कळायला नको. आधी वाळलं गवत, उभ्या फटकाऱ्यांनी, बरंच. मग एक तिरकी रेघ, ती फांदी वाटते. मग गवतात दोन ठिपके. तोवर ट्रंपेटवाले आणि काका त्यांची धून वाजवत असतात आणि सभागृहात कुजबुज असते, आरोळी नसते. "काय ए ते?" "कुत्रं असंल." शेवटी दोन कान. फांदी होती ती पाठ झाली. आता ओरडा म्हणावं, ऐकून झालंय.

हा लांडगा रशियाचा झुबकेदार नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरचा आहे, हडकुळा, तोकड्या केसांचा, गवताच्याच रंगाचा. माळढोक अभयारण्यात माळढोक बघायला गेलेले लोक लांडगा बघून येतात. मी तरी तशीच आले. गवतात तो किती वेळ दिसत नाही आणि मग एकदम कसा 'होता' हे मी तिथं पाहिलं, ते इथं उपयोगी पडलं.

सगळीकडं हे चालत नाही, हेही सांगून टाकते. फ्रेंच संगीतकार सॅं-साँस यांच्या १८८६ च्या प्राण्यांच्या कार्निव्हलमधला हंस आम्ही एकदा केला. मुळात तो चेलोवर, म्हणजे व्हायोलिनच्या मोठ्या, खर्जातल्या भावंडावर वाजतो. चेलो नव्हता, व्हायोलिनवरच केला. तिथं लपवायला काहीच नाही, नावातच हंस. मानेची एकच रेघ, ती थांबवायची नाही आणि घाईही करायची नाही. इतक्या सावकाश ओढलेली रेघ थरथरते आणि पडद्यावर थरथर दहापट मोठी दिसते. माझा हंस दरवेळी थोडा म्हातारा निघतो.

पीटरच्या गोष्टीत शेवटी लांडगा पकडला जातो, मिरवणूक निघते आणि निवेदक सांगतात की नीट ऐकलंत तर बदकाचा आवाज येईल. लांडग्यानं घाईत ते जिवंतच गिळलेलं असतं. सनई पुन्हा, अगदी हळू. तिथं मी ब्रश खाली ठेवते. बदक काढत नाही.

मागच्या खेपेला कार्यक्रम संपल्यावर तिसरी-चौथीतला एक मुलगा टेबलापाशी आला. त्याला पेन्सिलीच्या खुणांशी काही घेणं नव्हतं. आधी म्हणाला, "एवढूसंच हाय व्हय?" पडद्यावर भिंतभर बघितलेलं, इथं कागदभर. मग लांडग्याकडं बराच वेळ बघून विचारलं, "बदक कुठंय?" मी म्हटलं, आत. त्यानं चिमटे काढले, कागद उचलला आणि उलटा करून मागून बघितला. रंग ओला होता. लांडग्याच्या पोटावर त्याचा अंगठा उमटलेला आहे.