आठवीच्या वर्गातले नारळीकर

डॉ. जयंत नारळीकर आपल्या शाळेत कधी आले नाहीत. तरी बालाघाटच्या डोंगरातल्या या शाळेतला माझा सर्वांत मोठा ठेवा म्हणजे त्यांच्या विज्ञानकथा, आणि तो दिला आपल्या विज्ञानाच्या सरांनी.

तास संपता संपता सर अंबाजोगाईहून आणलेली पुस्तके वाचून दाखवत. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा वाचली त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राची लांब पट्टी कापली, तिला एक पीळ दिला आणि टोके डिंकाने चिकटवली. “बोट फिरवा रे लेकरांनो.” बोट न उचलता दोन्ही बाजूंनी फिरून आले! मग सरांनी पट्टी मधोमध कातरली. दोन कडी होतील अशी आमची खात्री; निघाले एकच, दुप्पट लांबीचे. कथेत डाव्याचे उजवे कसे होते, ते त्या कागदावर समजले.

केंब्रिजला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्यासोबत १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडणारा माणूस मराठीत गोष्टी लिहितो, याचे आम्हाला भारी अप्रूप. १९७४ ची हकीकत तर सर रंगवून सांगत. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातची. पहिले बक्षीस तिलाच मिळाले.

मुलांनी सही मागितली की नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न पाठवा. उत्तराखाली सही असे. हे ऐकून सरांनी खडूच्या रिकाम्या खोक्याची प्रश्नपेटी केली.

२४ ऑक्टोबर १९९५ चे सूर्यग्रहण ऐन दिवाळीत आले. गावात दारे लावलेली, पाण्याच्या भांड्यांत तुळशीपत्रे. सरांनी आम्हाला सुट्टीतही शाळेत बोलावले. कडुलिंबाच्या पानांतून चुन्याच्या भिंतीवर एरवी गोल कवडसे पडत. त्या सकाळी सगळी भिंत कोरींनी भरून गेली. पानांमधली प्रत्येक बारीक फट सूर्याची प्रतिमा पाडते, आणि सूर्य कोरीएवढा उरला होता! सुट्टी संपल्यावर पेटीत चिठ्ठ्या मावेनात.

माझ्या मते त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा कथा सरस. कादंबरीत पात्रे कधी कधी माहिती सांगण्यापुरतीच येतात. पण ‘वामन परत न आला’ या कादंबरीला तोड नाही. स्वतःसारखे यंत्रमानव घडवू पाहणारा यंत्रमानव वामन आज पुन्हा वाचावा, अंगावर काटा येतो.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. त्यांच्या स्मरणार्थ ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ‘चार नगरांतले माझे विश्व’ ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, ती कपाटात कुलपाखाली ठेवू नयेत. आठवीच्या वर्गात मोठ्याने वाचावीत.