आईचं मनगट

आज आईचं प्लास्टर निघालं. नौपाड्यातल्या आमच्या घरात मोरीच्या उंबऱ्याशी तोल गेला, तळहातावर भार आला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं तर ते आधीच ठिसूळ असण्याची शंका घ्यायची, असं डॉक्टर म्हणाले. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केली. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे २.९. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाडं झपाट्याने झिजतात, आणि दुखत काहीच नाही. म्हणून सांगते, घरातली पन्नाशीपुढची बाई साधं पडून हाड मोडून घेईल तर नुसत्या प्लास्टरवर थांबू नका, डेक्साचं विचारा.

मला लागलं ते वेगळंच. घरी आल्याआल्या आईने निऱ्या घालून पाहिल्या. चिमटीत कापड धरवेना, दुसरीच निरी सुटली. काही न बोलता तिने गाऊन चढवला. रोज तलावपाळीला फेरी मारणारी ही बाई आज रिक्षातून उतरताना माझा दंड सोडत नव्हती. हाड जुळलं, पण पडायची ही धास्ती? गोळ्या सुरू झाल्यात, चालणं तर डॉक्टरांनी बजावूनच सांगितलंय. सोमवारपासून फिजिओथेरपी. मोरीत धरायला दांडी बसवणारा उद्या सकाळी येतोय.