कॅमेरा प्रेक्षकांच्या खुर्चीत बसवताना

नाटकाची प्रकाशयोजना अनरिअल इंजिन या त्रिमितीय दृश्यं रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करताना दिव्यांचं पॅचिंग, म्हणजे प्रत्येक दिवा प्रकाश चालवणाऱ्या कन्सोलच्या चॅनलशी जोडणं, पटकन झालं, पण कॅमेऱ्याने फार वेळ घेतला. माउसने फिरवला की दर वेळी कोन वेगळा. एक क्यू (साठवून ठेवलेली प्रकाशस्थिती) बाल्कनीतून पाहिला आणि पुढचा विंगेजवळून, तर दोन्ही ताडून कसे बघणार? म्हणून कॅमेराही दिव्यांसारखा कन्सोलवरूनच चालवायचा, असं मी ठरवलं.

डीएमएक्स म्हणजे कन्सोलवरून दिव्यांना आज्ञा पाठवण्याची पद्धत. अनरिअलच्या डीएमएक्स प्लगइनमध्ये कॅमेऱ्यासाठी वेगळा फिक्स्चर (उपकरण) प्रकार बनवला: एक्स, वाय, झेड (जागा), पॅन, टिल्ट (आडवं आणि उभं वळणं), झूम. प्रत्येकाला दोन चॅनल, म्हणजे १६ बिट. इथे काटकसर करू नये. ४० मीटरचा पल्ला ८ बिटमध्ये बसवला तर एकेक पायरी जवळपास १६ सेंटिमीटरची होते आणि कॅमेरा हिसके देत सरकतो. १६ बिटमध्ये तीच पायरी एक मिलिमीटरच्या आत येते. तरीही संथ चालीत थोडी थरथर उरते, कारण भरलेलं डीएमएक्स युनिव्हर्स (५१२ चॅनलचा संच) सेकंदाला फार तर ४४ वेळा ताजं होतं आणि मॉनिटर ६० वेळा. ब्ल्यूप्रिंटमध्ये (अनरिअलमधलं दृश्य प्रोग्रामिंग) इंटरपोलेशन, म्हणजे दोन मूल्यांमधल्या जागा भरून काढणं, घातल्यावर ती गेली.

कन्सोलवरचं युनिव्हर्स १ आर्ट-नेटमध्ये (नेटवर्कवरून डीएमएक्स पाठवण्याची पद्धत) बहुधा ० असतं, तेही जुळवून घ्यावं लागतं. आणि कॅमेऱ्याचे चॅनल ग्रँड मास्टरखाली (सगळे दिवे एकदम कमी-जास्त करणारा मुख्य फेडर) ठेवू नयेत, त्यांचं डीफॉल्ट मूल्य मध्यावर असावं. नाहीतर क्यू रिलीज होताच सगळं शून्यावर जातं आणि कॅमेरा थेट कोपऱ्यात.

यापेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट एक्स्पोजरची. अनरिअलचा कॅमेरा मुळात ऑटो एक्स्पोजरवर असतो. दृश्य अंधारलं की तो आपणहून उजेड वाढवतो. दहा टक्क्यांवरचा निळा स्पॉट लख्ख दिसतो, अंधाराची किंमतच राहत नाही. नाटकात अंधारही आपण रचलेला असतो, तो यंत्राने परस्पर उजळवावा हे मला मुळीच मान्य नाही. मीटरिंग, म्हणजे उजेड मोजून एक्स्पोजर ठरवणं, मॅन्युअल केलं, सगळ्या जागांसाठी एकच एक्स्पोजर ठेवलं आणि तेव्हा कुठे फेड खरे वाटायला लागले.

मग जागा ठरवल्या: पहिली रांग, शेवटच्या रांगेचं टोक, बाल्कनी. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, तीच उंची धरली. या जागांची क्यू यादी दिव्यांच्या यादीपासून वेगळी ठेवली, म्हणजे दिवे तसेच ठेवून नुसती खुर्ची बदलता येते. हवेत घिरट्या घालणारा कॅमेरा देखणा दिसतो, पण तिथे तिकीट काढून कोणी बसत नाही.

जमिनीवर पाडलेला खिडकीच्या गजांचा गोबो (दिव्यासमोरच्या कापीव साच्याची आकृती) बाल्कनीतून सुरेख दिसत होता. पहिल्या रांगेतून मात्र त्याची जेमतेम एक पट्टी दिसत होती. दिग्दर्शकाला दोन्ही जागांवरून दाखवलं आणि तालमीआधीच तो दिवा वर उचलून गजांची सावली मागच्या भिंतीवर नेली.