यंत्राआधी सिलिंडर मोजा

अ‍ॅरिझोनातल्या ज्या दुकानात मी काम करतो, तिथे घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या सामानाचा विभाग माझ्याकडे आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही, त्यामुळे शिसे वितळवून गोळ्याही स्वतःच ओतणारे हौशी नेमबाज आमच्याकडे नेहमी येतात. साच्यातून निघालेली गोळी किंचित जाड असते; तिला डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकाच्या पोलादी साच्यातून, दाबून नेमक्या व्यासाला आणायचे आणि त्याच दमात तिच्या कडेच्या खाचांत वंगण भरायचे, असे दुहेरी काम करणारे यंत्र घ्यायला त्या दिवशी एक निवृत्त गृहस्थ आले होते. असे एक यंत्र त्यांच्याकडे आधीपासून होते. तरीही .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या नळीत दर वेळी शिसे साचते, म्हणून आता स्टार या ब्रँडचे महागडे यंत्र घ्या, असा सल्ला त्यांना दुसऱ्या एका दुकानात मिळाला होता.

यंत्रायंत्रांत फरक आहे, हे खरे. लायमन ४५०० किंवा आरसीबीएसच्या यंत्रात गोळी डायमध्ये खाली ढकलली जाते आणि वंगण भरल्यावर त्याच वाटेने वर येते. गोळीला वरून ढकलणारा दांडा, म्हणजे वरचा पंच, गोळीच्या नाकाशी जुळला नाही, तर गोळी तिरपी उतरते आणि तिची एकच बाजू तासली जाते. नख फिरवले तरी ते कळते. वंगणावर दाब जास्त झाला, तर ते गोळीच्या बुडाखाली पाझरते आणि तसेच राहू दिले, तर बारूद खराब होण्याची भीती असते. स्टारमध्ये गोळी नाकाच्या बाजूने आत जाऊन आरपार खाली पडते, त्यामुळे वेग पुष्कळ वाढतो. मात्र डायमध्ये वंगण सोडणारी जी भोके गोळीच्या खाचेसमोर येत नाहीत, ती आधी बुजवून घ्यावी लागतात. वंगण अ‍ॅलॉक्स (एक मेणचट वंगणद्रव्य) आणि मधमाश्यांचे मेण यांच्या निम्म्यानिम्म्या मिश्रणाचे असेल, तर सहसा हीटर लागत नाही. कडक वंगणाला लागतो.

परंतु त्या गृहस्थांच्या गोळ्या मी मायक्रोमीटरने मोजल्या, तेव्हा त्या नेमक्या ०.४५२ इंच भरल्या आणि कुठेही तासलेल्या नव्हत्या. जुने यंत्र आपले काम चोख करत होते. मग मी त्यांना रिव्हॉल्व्हर आणायला सांगितले, ते रिकामे असल्याची खात्री करून सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसतात तो फिरता भाग, काढला आणि त्यातल्या चेंबरांच्या पुढच्या तोंडांत पिन गेज (नेमक्या जाडीच्या मापाच्या पिना) घालून पाहिले. पुण्यात टूलरूममध्ये असताना हे काम माझ्या हाताखालून रोज जाई. सहाही तोंडांत ०.४५० ची पिन जेमतेम शिरली, ०.४५१ ची एकातही शिरली नाही. नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून काढला, तर नळीच्या आतल्या खाचांचा व्यास ०.४५१५ इंच निघाला. म्हणजे ०.४५२ ची गोळी सिलिंडरमधून सुटतानाच आवळली जाऊन नळीत सैल पडत होती, तिच्या कडेने तप्त वायू निसटत होता आणि शिसे नळीला चिकटत होते. कितीही किमतीचे यंत्र आणले, तरी दीड थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ही फट बुजणारी नव्हती.

माझ्या सहकाऱ्याचे मत असे पडले की, गिऱ्हाईक स्वतःहून मागते आहे, तर यंत्र द्यावे आणि बाकीचे नंतर पाहावे. हे मला मुळीच मान्य नाही. आजाराचे निदान न करता महागडे औषध खपवण्याची ही रीत या धंद्यात फार बोकाळली आहे, आणि यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकात आधी सिलिंडर आणि नळी मोजा, असे ठळकपणे सांगितले जात नाही, याची मला चीड येते. मी त्या गृहस्थांना बंदुकीच्या जाणत्या कारागिराकडे पाठवले आणि तोंडे ०.४५२५ इंचापर्यंत रीम करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून, घ्यायला सांगितले. काढलेले पोलाद परत लावता येत नाही, म्हणून हे काम घरी करू नये, हेही बजावले. आमच्या दुकानाची त्या दिवशीची विक्री एका वरच्या पंचापुरती झाली.

त्यानंतर त्यांच्या त्याच गोळ्या बोटाने दाबल्या की तोंडांतून सरकू लागल्या, आणि नळी एका कोरड्या चिंधीत स्वच्छ होऊ लागली. आता त्यांचा नेमबाजीचा सराव वाढला आहे, त्यामुळे ते स्टारविषयी पुन्हा विचारत आहेत. या वेळी मी ते जरूर देईन, कारण आता त्यांना खरोखरच वेग हवा आहे. फक्त डाय ०.४५२ चा असेल आणि त्याची कोणती भोके बुजवायची, हे त्यांची गोळी समोर ठेवूनच ठरवीन.